नातीचा नंबर

नात वकील झाली तेव्हा तिचा काळा कोट मी शहागंजात शिवायला टाकला. शिंपी म्हणाला, "बाबा, कोट कुणाचा?"

मी म्हटलं, "वकीलसाहेबांचा."

"मग साहेब मापाला कवा येणार?"

नात माझ्या मागंच उभी होती. मी तिला पुढं केलं आणि म्हटलं, "हे आलेत की." शिंप्यानं टेप गळ्यातून काढला आणि जरा वेळ बघतच राहिला. त्याच दिवशी पेढे घेतले. गल्लीत मी स्वतः घरोघर फिरून वाटले. सून म्हणत होती, तुम्ही कशाला फिरता उन्हात. पण ज्यांनी मला घोंगडी खांद्यावर टाकून मेंढरं हाकताना बघितलंय, त्यांनी तो पेढा माझ्याच हातून खायला पाहिजे होता.

मला वाटलं, घाट चढून झाला. आता उतार.

माझी शाळा बहात्तरच्या दुष्काळात सुटली. चौथीत होतो. सुटली म्हणजे काय, बापानं सांगितलं, उद्यापासून मेंढरांमागं यायचं. शाळेनं मला दोन गोष्टी दिल्या होत्या. अक्षरं लावून वाचणं आणि मोजणं. पैकी मोजण्यापायी पहिल्याच महिन्यात मार खाल्ला. सडकेच्या कामावरच्या एका माणसानं बापाला विचारलं, "धनगरा, मेंढरं किती रं?" बाप म्हणाला, "हायत चाळीसेक." मी सकाळीच मोजली होती. मी ओरडलो, "नाय नाय, दादा, एकशे साठ हायत!" माणूस हसला आणि गेला. तो वळणाआड गेल्यावर बापानं मला जी दिली, ती अजून कानात वाजते. म्हणाला, "शाळेत हेच शिकवलं का? खांडाचा आकडा कुणाला सांगतात व्हय? माणसाची नजर लागती आन लांडगा ऐकतो."

ही आमच्यातली रीत आहे. आपल्याजवळ जे आहे ते कमी करून सांगायचं. शंभर असली तर तीस-चाळीस म्हणायचं. कोकरं झाली तर म्हणायचं, झालीत दोन-चार. विचारणाऱ्यालाही माहीत असतं की हा कमी सांगतोय. तो मनातल्या मनात वाढवून घेतो. कुणी कुणाला फसवत नाही. मी आयुष्यभर असंच बोललो आणि त्यात मला काही वावगं वाटलं नाही. आजही वाटत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं ह्याच्यावरून मला माझ्याच दारात खोटारडा म्हटलं गेलं.

पुढच्या दुष्काळांत मेंढरांचं खांड आटत गेलं. शेवटची मेंढरं विकून वाळूजच्या बाजूला आलो आणि गुंठेवारीत दोन खोल्या टाकल्या. जिथं टाकल्या तो माळ माझ्या ओळखीचा. तिथं आमचा मुक्काम पडायचा. नंतर त्याच माळावर प्लॉट पडले आणि प्लॉटच्या दगडांवर मी राखणदार राहिलो. मुलगा कंपनीत लागला, कायम कधी झाला नाही, पण लागला. आणि त्याची ही पोरगी. अंगणवाडीच्या दिवसापासून मीच तिला शाळेत पोचवलंय.

तिचं लग्न ठरल्यासारखं होतं. सोयगावकडची सोयरीक. पोरगा इथंच वाळूजच्या कंपनीत, शिकलेला, निर्व्यसनी. दोघं एकमेकांशी बोलली होती, नात नाही म्हणाली नव्हती. फक्त म्हणाली होती, "आबा, शिक्षण झाल्यावर." पोराचा बाप आमच्यातलाच, घरी अजून मेंढरं आणि वर कापसाची जमीन. मी आणि त्यानं देवापुढं भंडारा उचलला. भंडारा म्हणजे हळदच, पण ती हातात घेऊन दिलेला शब्द आमच्यात मोडत नाही. मी म्हटलं, "पोरीचं शिक्षण झालं की बार उडवून टाकू." त्यानं म्हटलं, "मंजूर."

वकील झाली. पेढे वाटले. मी पंचांग बघायला लागलो. तर एके दिवशी ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आबा, मला अजून एक परीक्षा द्यायचीय."

"कसली? तू तर वकील झालीस."

"एलएलएमला जायचंय. वकिलीच्या पुढचं शिक्षण. त्याला प्रवेश मिळायला परीक्षा असती."

"म्हंजे शिकायला परीक्षा?"

"व्हय."

"शिकल्यावर परीक्षा असती, पोरी. शिकायच्या आधी कसली परीक्षा?"

ती हसली. मला हसू आलं नाही. मी विचारलं, "वकिलीच्या पुढं शिकून व्हायचं काय?" म्हणाली, "कॉलेजात कायदा शिकवायचाय मला. कोर्टात उभं राहून बघितलं सा महिने. मला ते शिकवण्यात जास्त गोडी वाटती."

सोयगावला फोन करावा लागला, कारण भंडारा मी उचलला होता. ह्याही आधी मी माणसांना अवघड गोष्टी सांगितल्यात, पण त्या मला स्वतःला तरी कळलेल्या असायच्या. इथं मला कळलेलंच नव्हतं. व्याही म्हणाला, "पाव्हणं, तुम्हीच म्हणालात वकील झाली म्हणून. पेढे खाल्लेत आम्ही."

"झाली ना. पर पुढचं शिकायचं म्हणती."

"आन त्याच्या पुढचं?"

"ते मला नाय ठाव."

पण तो माणूस म्हणून चांगलंच बोलला. म्हणाला, "हे बघा, इथंच, शहरातल्या त्या मोठ्या कायद्याच्या कॉलेजात शिकणार असल तर काय अडचण नाय. वरीसभराचं तर हाय. पोरगं वाळूजला, पोरगी शहरात, लगीनबी होईल, शिक्षणबी होईल. पण दुसऱ्या गावाला जाणार असल तर आपला रामराम. आमच्या घरात चालायचं नाय ते."

मी ते जसंच्या तसं नातीला सांगितलं. ती म्हणाली, "मलाबी इथलंच कॉलेज पाहिजे, आबा. पण मिळल का नाय, ते नंबरावर हाय."

म्हणजे सगळं त्या एका परीक्षेवर येऊन थांबलं. तिचं शिकणं, लग्न, माझा शब्द. आणि मला ती परीक्षा काय चीज आहे हेच ठाऊक नव्हतं. मग मी ठरवलं, समजून घ्यायचं. मेंढराचा रोग समजून घेतला, गुंठेवारीचं झेंगट समजून घेतलं, हे का नाही?

त्या साली पावसानं दगा दिला होता. आमच्याकडं नळ असून नसल्यासारखा, सगळी मदार टँकरवर. टँकर कधी येईल त्याचा भरवसा नाही म्हणून रांगेत ड्रम लावून बसायचं. नात ड्रमाला टेकून पुस्तक घेऊन बसायची आणि मी शेजारी. तिथंच माझी शिकवणी चालली.

मी म्हटलं, "वाचून दाखव, काय विचारतात ते."

ती इंग्रजीत वाचायची आणि मराठीत सांगायची. "हा बघा उतारा. एका कोर्टानं दिलेला निकाल हाय. त्याच्याखाली प्रश्न हायत."

"निकाल लागला ना?"

"लागला."

"मग आता प्रश्न कसले? निकाल लागल्यावर बी भांडण चालूच का?"

रांगेतली एक बाई खुदकन हसली. नात म्हणाली, "भांडण नाय, आबा. निकाल नीट वाचला का, ते बघतात. एका प्रश्नाला चार उत्तरं दिलेली असत्यात. त्यातलं एक बरोबर."

"मग सोपं हाय."

"सोपं नाय. कधी कधी चारीबी बरोबर वाटत्यात. त्यातलं सगळ्यात बरोबर निवडायचं."

"बरोबर ते बरोबर. सगळ्यात बरोबर काय असतं?"

ह्यावर ती डोकं ड्रमाला टेकून बसली. मला वाटलं मी जिंकलो. पण जिंकून काय उपयोग, कळलं तर काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं मला एक प्रश्न घातला. म्हणाली, "तुमच्यासाठी सोपा करून सांगते. एका माणसाच्या जमिनीतून लोकांची जुनी वाट जात होती. त्यानं जमीन विकली. नव्या मालकानं भिंत घातली. लोक कोर्टात गेले. आता सांगा, वाट उघडायची का नाय?"

मी ताठ बसलो. ही गोष्ट माझीच होती. आमच्या माळावरून तळ्याकडं जाणारी वाट होती, बापाच्या आधीपासूनची. प्लॉट पडले, एका सोसायटीनं कंपाउंड घातलं, आता तळ्यावर जायला पार सडकेनं वळसा घालून जावं लागतं. आणि तळं तरी कुठं राहिलंय. मी म्हटलं, "उघडायची. वाट कुणाच्या बापाची नसती. जो चालला त्याची वाट."

तिनं उतारा परत बघितला. म्हणाली, "चुकलं."

"चुकलं कसं? मी त्या वाटंनं चाललोय."

"चालला असाल, आबा. पण उताऱ्यात लिहिलंय की लोकांना दुसरी वाट होती आन ते मालकाच्या परवानगीनं जात होते. उताऱ्यात जे हाय त्याच्यावरूनच उत्तर द्यायचं. आपल्या मनातलं नाय घालायचं."

"परवानगी? मेंढराला कुणाची परवानगी?"

"उताऱ्यात मेंढरं नायत, आबा." मग हळूच म्हणाली, "आन तुमचा पाव मार्क गेला."

"कुठं गेला?"

"चुकीचं उत्तर दिलं की पाव मार्क कापत्यात."

"आन उत्तरच नाय दिलं तर?"

"तर काय कापत नाय."

"म्हंजे गप बसणाऱ्याचा फायदा."

"कधी कधी."

"मग ही परीक्षा वकिलांना कशाला? वकील गप बसला तर खाईल काय?"

आता सगळी रांग हसली. नातही हसली. मी पण हसलो असेन. पण रात्री पडल्या पडल्या मला ती भिंत दिसत होती. खरं उत्तर देऊनही पाव मार्क जातो, ही गोष्ट माझ्या घशाखाली उतरत नव्हती.

एक दिवस मी सरळच विचारलं, "पास होशील ना?"

"आबा, ह्याच्यात पास-नापास नसतं."

"पास-नापास नाय, मग परीक्षा कसली?"

मग तिनंच उदाहरण शोधलं. म्हणाली, "दुष्काळात चाराछावणी असती ना. तिथं जनावराची परीक्षा घेत्यात का? नाय. दावणीला जागा किती, तेवढी आत. बाकीची जनावरं वाईट असत्यात असं नाय. जागा भरली एवढंच."

हे मात्र मला कळलं. कारण छावणीच्या दारात मी उभा राहिलेलो होतो. त्या काळी छावणीत गाया-बैल घ्यायचे. मी मेंढरं घेऊन गेलो तर दारावरच्या माणसानं हात आडवा केला, "बारकी जनावरं नाय घेत, बाबा. मोठी असतील तर आण." तो काही वाईट माणूस नव्हता. आत कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या दिसत होत्या. मेंढरांना वास आला होता, ती पुढं ढकलत होती, आणि मी काठी आडवी धरून माझ्याच मेंढरांना मागं रेटत होतो. आता त्याच दारात नात उभी राहणार होती.

परीक्षेच्या दिवशी तिला मी पोचवायला गेलो. रिक्षा केली. देवाचा भंडारा तिच्या कपाळाला लावला, मनगटात काळा दोरा बांधला. दारावरच्या बाईनं तो दोरा काढायला लावला. नातीनं काही न बोलता दाताखाली धरून तोडला आणि माझ्या हातात दिला. कपाळावरचा भंडारा तेवढा राहिला. त्याला काही म्हणाल्या नाहीत.

मी बाहेर लिंबाखाली बसलो. दोरा मुठीत. रिक्षावाला गेला नव्हता, सावली बघून तिथंच थांबला होता. तो म्हणाला, "चचा, लडकी का काय का पेपर है?"

"वकील के ऊपर का."

"वकील के ऊपर तो जज रहता ना."

"जज नहीं, शिकाने का."

"अच्छा, मास्टर. तो वकील के ऊपर जज, जज के ऊपर मास्टर?"

"मेरे को नहीं मालूम रे."

"आपको मालूम नहीं, फिर भी धूप में बैठे?"

मी म्हटलं, "तू कायको बैठा?" तो म्हणाला, "मेरे को सवारी होना." त्यानं त्याच्याकडची पाण्याची बाटली पुढं केली, मी नको म्हटलं. त्या साली पाणी कुणाचंही घेऊ नये असं वाटायचं.

पेपर सुटला. पोरं-पोरी बाहेर आल्या. कुणी हसत, कुणी फोनवर. नात आली आणि म्हणाली, "आबा, चला." मी विचारलं, "कसा गेला?" म्हणाली, "माहीत नाय." मी म्हटलं, "तुला तरी माहीत पाहिजे." म्हणाली, "दहाएक प्रश्न सोडून दिले. गप बसले तिथं." मी तिचा हात घेऊन दोरा परत बांधला. गाठ नीट बसत नव्हती, तोडल्यामुळं आखूड पडला होता.

निकाल लागला तेव्हा ती फोन घेऊन माझ्याजवळ आली. "चारशे बारा," म्हणाली.

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. तिथं ना आनंद होता ना दुःख. म्हटलं, "बरं झालं का वाईट?"

"मधलं झालं. यादी लागल तेव्हा कळल."

एवढंच बोलून ती कोर्टात गेली. संध्याकाळी सोयगावचा फोन आला. व्याही म्हणाला, "पाव्हणं, निकाल लागला म्हणं. नंबर किती आला पोरीचा?"

आता मी काय करणार? माझ्या नातीचा आकडा कुणी विचारतंय. आपल्या पोरीला मिळालेली चीज, तिला नजर लागू नये. बापाची ती थप्पड कानात अजून ओली आहे. माझ्या तोंडातून आपोआप गेलं, "असंल दीडशेच्या आसपास."

पलीकडून व्याही ओरडलाच, "दीडशे? देशात दीडशे?"

मला वाटलं, फार कमी वाटलं की काय. मी म्हटलं, "थोडं इकडंतिकडं."

"अहो पाव्हणं, काय सांगता!" असं म्हणून त्यानं फोन ठेवला. मला कळेना एवढ्या थोड्या आकड्याचं ह्याला एवढं कौतुक कसलं. म्हटलं, माणूस मोठ्या मनाचा आहे.

त्यानं सोयगावात फ्लेक्स लावला. रस्त्यावर, विजेच्या खांबाला. नातीचा काळ्या कोटातला फोटो, वर फुलं, खाली, "देशात दीडशेव्या क्रमांकानं उत्तीर्ण झाल्याबद्दल आमच्या भावी सूनबाईंचं हार्दिक अभिनंदन." हे मला नंतर कळलं. आणि ह्याच्यात उत्तीर्ण नसतं, हे त्याला सांगायचं राहूनच गेलं होतं.

पहिली यादी लागली. इथल्या कॉलेजात नाव नाही. दुसरी लागली. नाही. नात रोज फोन उघडून बघायची आणि बंद करायची. व्याह्यानं मात्र सोयगावच्या कोर्टातल्या एका वकिलाला विचारलं. वकील म्हणाला, "दीडशेवा नंबर असला तर पहिल्याच यादीत मिळायला पाहिजे. काहीतरी गडबड आहे." झालं. दुसऱ्या दिवशी व्याही आमच्या दारात. चप्पल काढली नाही, उंबऱ्याबाहेरच उभा.

"पाव्हणं, पोरीला जागा मिळाली आन तुम्ही लपवताय का? लग्न टाळायचं असंल तर सरळ सांगा."

"कोण म्हणतं मिळाली?"

"दीडशेला मिळतीच म्हणत्यात."

नात आतून आली. तिनं विचारलं, "दीडशे कुणाचा?"

"तुझा, सूनबाई. तुझ्या आबानं सांगितलं."

ती माझ्याकडं वळली. तिचा आवाज चढला. मी आयुष्यात तिचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. "आबा, माझा नंबर चारशे बारा हाय! तुम्ही दीडशे सांगितलं?"

"कमी करून सांगितलं. नजर लागू नये म्हणून."

"आबा, ह्याच्यात नंबर लहान म्हंजे मोठा असतो! तुम्ही कमी नाय सांगितलं, वाढवून सांगितलं!"

नंबर लहान म्हणजे मोठा. इतके दिवस मी उतारा, निकाल, पाव मार्क, छावणी सगळं विचारलं. पण आकडा कुठल्या बाजूनं मोजायचा हे मी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. ज्या गावात लहान आकडा मोठा, त्या गावची रीत मला कोण सांगणार होतं?

व्याही म्हणाला, "म्हंजे खोटं बोललात. भंडारा उचललेला माणूस खोटं बोलला. माझा सगळ्या गावात फ्लेक्स लागलाय!"

खोटं म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "व्याही, मला एक सांगा. तुमची मेंढरं किती हायत?"

तो पटकन म्हणाला, "हायत की पन्नासेक."

मी त्याच्या घरी गेलो होतो. संध्याकाळी मेंढरं वाड्यात शिरताना मी अंगणात चहा प्यालो, चहा संपला, दुसरा आला, तरी मेंढरं शिरतच होती. आमची म्हातारी, नातीची आजी, चुलीजवळून म्हणाली, "अगं बया, पन्नास?" आणि तोंडाला पदर लावला. नातीनं आधी आवरायचा प्रयत्न केला, मग तिला हसू फुटलं. शेवटी व्याहीही हसला. त्यानं चप्पल काढली, आत आला, पाणी मागितलं. म्हणाला, "च्यायला, पाव्हणं, आपल्या लोकांनी फोनवर आकडेच सांगू नयेत."

चहा झाला. मी खोटारडा राहिलो नाही, एवढं मिटलं. पण जागा तर मिळालेली नव्हतीच. जाताना तो दारात थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, "शेवटची यादी राहिली ना?" मी म्हटलं, "राहिली." म्हणाला, "देव बघल."

देवाला मी विचारलं. त्यालाही इंग्रजी येत नसावं.

शेवटची यादी लागली त्या दिवशी दुपारी टँकर आला होता. मी ड्रममध्ये पाइप धरून उभा होतो. नात बाजूला येऊन उभी राहिली. फोन हातात. म्हणाली, "इथलं भरलं, आबा. दुसरीकडचं मिळालं. लांबचं हाय. रेल्वेनं एक रात्र आन अर्धा दिवस."

ड्रम भरून पाणी सांडायला लागलं. मागची बाई ओरडली, "आवो बाबा, पाणी!" मी पाइप दुसऱ्या ड्रमात टाकला.

"उद्यापर्यंत फोनवर सांगायचं. घेते का सोडते. सोडलं तर मग काहीच नाय, पुढच्या साली परत परीक्षा."

"तुझं काय म्हणणं?"

"मला जायचंय." मग जरा थांबून, "पण भंडारा तुम्ही उचललाय. तुम्ही सांगा, आबा."

मी हट्टी माणूस. घरात माझ्या शब्दावर शब्द कुणी टाकत नाही. बापाला मेंढरं विकताना अडवलं होतं, कंपनीच्या माणसाला प्लॉटवरून हुसकावलं होतं. त्या दिवशी माझ्या तोंडातून ना व्हय निघालं ना नाय. गप बसल्यावर मार्क कापत नाहीत, असं ती म्हणाली होती. मी गप बसलो. ती वाट बघत राहिली. बरीच वाट बघितली. मग तिनं माझ्यासमोरच फोनवर अंगठा ठेवला आणि म्हणाली, "घेतली."

व्याह्याला मी फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. शिवी दिली नाही. चार दिवसांनी तो आला, ह्या वेळी चप्पल काढून. कागदाच्या पुडीत भंडारा आणला होता. मी माझ्या देव्हाऱ्यातला घेतला. त्याचा त्यानं आपल्या कपाळाला लावला, माझा मी माझ्या. म्हणाला, "शब्द मोकळा झाला. देवाला दोष नको." मी म्हटलं, "पोरगं थांबलं असतं का?" तो म्हणाला, "पोरगं थांबलं असतं. आम्ही नाय थांबलो." आणि उठला. फ्लेक्स काढला का, हे मी विचारलं नाही. नंतर कुणीतरी सांगितलं, तो अजून तिथंच आहे. उन्हानं फोटो उडाला, आकडा तेवढा दिसतो.

नातीला स्टेशनवर सोडायला मुलगा गेला. मला गर्दीत चालवत नाही असं मी सांगितलं. तिनं वाकून नमस्कार केला. मनगटात तो आखूड दोरा अजून होता.

आता तिचे फोन येतात. सांगते, अमुक शिकवलं, तमुक लिहिलं. मी हूं हूं म्हणतो. मला अजूनही नीट सांगता येणार नाही की ती परीक्षा कशाची होती. तिच्यात पास होत नाहीत. खरं सांगून पाव मार्क जातो. लहान आकडा मोठा असतो. आणि जागा मिळाली तरी ती मिळाली म्हणायची का नाही, हे ज्याला विचारतात तो माझ्यासारखा आजा बाहेर लिंबाखाली बसलेला असतो.

परवा टँकरच्या रांगेत ती मागची बाई विचारत होती, "बाबा, वकील नात दिसत नाय. कुठं असती?"

मी म्हटलं, "शिकती. हाय इथंच, जवळच."

"जवळ हाय, मग दिवाळीला कशी नाय आली?"

टँकर वळणावर दिसला. मी उठून ड्रम पुढं सरकवला.